मुहय्योचा ठसा

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या बाजारामागे तोलिब-अकांची नानची भट्टी होती. तंदूर तीन, भाजणारी माणसं तीन, पण नानच्या मध्यावर टोचायच्या ठशांची नक्षी एकच, दुकानाची. त्यामुळे अकांचा न्याय सोपा होता. चांगला नान निघाला की तो त्यांच्या भाच्याचा, बोबिरचा. करपला की मुहय्योचा.

पहिल्या वर्षी मुहय्यो जीव ओतून काम करायची. मग तिनं नाद सोडला. काहीही केलं तरी बोलणीच खायची, तर तंदुरात वाकून मरायचं कशाला? पण काल अकांनी सगळ्यांसमोर बजावलं की आणखी एक नान परत आला तर तंदूर सोडायचा आणि पीठ चाळत बसायचं. हे मात्र तिला झोंबलं. तंदूर तिला आईनं शिकवला होता.

आज ती आईचा ठसा घेऊनच आली. त्यावर फूल होतं. शेजारच्या तंदुरावरच्या होसियत-आपानं तो पाहिला, मागच्या गल्लीतल्या घरी गेली आणि सासूचा ठसा घेऊन आली. त्या सकाळी दोघींनी आपापला ठसा मारत एकेका नानमध्ये जीव ओतला.

बाजार भरला तसे अका आत आले. आजचाच एक करपलेला नान गिऱ्हाइकानं परत केला होता. तो त्यांनी फळीवर पालथा आपटला. नान कुणी पालथा ठेवत नाही, वैऱ्याच्या घरीसुद्धा. सगळ्यांचे हात थांबले.

"घे, तुझा पराक्रम," अका म्हणाले.

मुहय्योनं हात पुसले आणि नान उताणा केला. मधोमध दुकानाची नक्षी होती. बोबिर आपल्या तंदुरात वाकून काहीतरी शोधू लागला.

अकांचा चेहरा पडला, पण आवाज चढला. इथे दुकानाचाच ठसा चालेल, असं त्यांनी ठणकावलं.

"चालेल की, अका. मग करपलेलाही दुकानाचाच म्हणा. माझ्या नावावर खपवायचा असेल, तर ठसा माझा राहील."

"उद्यापासून तुम्ही दोघी येऊ नका म्हटलं तर?"

"तर बाजार बोबिरचे नान खाईल," होसियत-आपा कणीक थापत म्हणाली.

तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारी आली. हा फुलाचा नान कुणाच्या हातचा, असाच आणखी हवा, म्हणाली. अकांनी मागे पाहिलं. मुहय्यो ठसा हातात धरून उभी होती.

"मुहय्योचा," ते पुटपुटले.

म्हातारीनं कानामागे हात धरला.

"मोठ्यानं सांगा, अका," मुहय्यो म्हणाली. "त्यांना ऐकू आलं नाही."