दोन दारांचं बाथरूम

सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा दोन मुलांसाठी सगळं दोन-दोन केलं. बैठकीच्या खोल्या दोन, स्वयंपाकघरं दोन, पुढची दारंही दोन. बाथरूम मात्र एकच, बरोबर मध्ये, आणि त्याला दोन्ही बाजूंनी एकेक दार. सख्खे भाऊ आहेत, एका बाथरूममध्ये सहज भागेल, असा त्यांचा समज. माणूस हुशार होता, पण स्वतःच्या मुलांशी त्याची नीटशी ओळख कधी झाली नसावी.

ते गेले आणि थोड्याच दिवसांत दोघा भावांचं बोलणं बंद झालं. कारणही तसंच भारदस्त होतं. एका सकाळी थोरला डोक्याला साबण लावून उभा असताना नळाचं पाणी गेलं. धाकट्याने मोटारसायकल धुऊन टाकी रिकामी केली होती. थोरला छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर परक्यांच्या चुका काढायचा आणि उरलेल्या घरी येऊन काढायचा. त्याने दाराआडून एकच शब्द वापरला, पण नेमका. धाकटा मोटार शिकवायच्या शाळेत शिक्षक होता. शिकाऊ माणसाशेजारी बसून पायाखालच्या जादा ब्रेकच्या भरवशावर जगणारा माणूस, पण घरात त्याने त्या दिवशी ब्रेक लावला नाही. त्याने चार शब्द वापरले. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहू लागले, आणि पाणी तर दोघांचं एकाच टाकीचं.

मधल्यामध्ये भरडल्या गेल्या त्या दोघी जावा. थोरली समोरच्या गल्लीत पाळणाघर चालवायची, त्यामुळे रुसलेल्यांची तिला सवय होती. पण पाळणाघरातली मुलं संध्याकाळपर्यंत कट्टी विसरायची. इथे वर्षं लोटली तरी, “त्याला सांग, जाताना आमच्या दाराची आतली कडी काढून ठेव म्हणावं,” असा निरोप भिंतीपलीकडे तिनेच पोचवायचा आणि, “त्यांना सांग, मी विसरलो नाही, मुद्दाम ठेवली होती,” असं उत्तर धाकटीने आणायचं. दोघी हे निरोप वाटेतच थोडे गोड करायच्या. तेवढ्यावर घर उभं होतं.

बाथरूम मात्र उभं राहीना. फरशा पोकळ वाजायला लागल्या, कमोड बसणाऱ्यासकट डुलायला लागला, आणि एक दिवस थोरलीची टाच फुटक्या फरशीत रुतून चांगली कापली. गवंडी बोलावला. थोरला आपल्या दारात उभा राहून म्हणाला, फरशी बदामी रंगाची. धाकटा आपल्या दारातून गवंड्याकडेच बघत म्हणाला, निळी. गवंड्याने थोडा वेळ मान इकडून तिकडे फिरवली आणि मग टेप गुंडाळून खिशात टाकली.

“आधी घरात ठरवा,” तो म्हणाला. “मी फरशा बसवतो. माणसं बसवत नाही.”

तो गेला तो गेलाच. त्या दिवसापासून थोरला संध्याकाळी फोनवर व्हिडिओ बघायला लागला. त्यात एक हसतमुख माणूस चहा निवायच्या आत आख्खं बाथरूम उभं करायचा आणि त्याच्या शर्टाला डागही पडायचा नाही.

“आपलं आपणच करायचं,” थोरल्याने जाहीर केलं. “यात काय आहे एवढं?”

“अहो, तुम्ही घरात कधी बल्ब तरी बदललाय का?”

“तशी वेळच आली नाही.”

“आली होती. मी बदलला.”

यावर त्याने चष्मा पुसला. उत्तर नसलं की तो चष्मा पुसायचा.

रविवारी सकाळी त्याने खडूने बाथरूमच्या मधोमध रेघ मारली. सांडपाण्याची जाळी नेमकी रेघेवर आली. नळ आणि गीझर त्याच्या बाजूला पडले, कमोड धाकट्याच्या. मग त्याने छिन्नी आणि हातोडा घेऊन आपली अर्धी बाजू फोडायला घेतली. रेघेपलीकडची एकही फरशी त्याने दुखावली नाही. चूक काढताना शेजारच्या बरोबर अक्षराला धक्का लागू द्यायचा नाही, ही कामाची शिस्त.

आवाज ऐकून धाकटा आपल्या दारात आला, रेघ बघितली, छिन्नी बघितली आणि निघून गेला. दुपारी तो तेवढीच छिन्नी आणि त्याहून मोठा हातोडा घेऊन परतला. संध्याकाळपर्यंत त्याची अर्धी बाजूही उखडली गेली होती आणि कमोड उचलून मागच्या अंगणात कुंड्यांशेजारी नेऊन ठेवला होता.

“भावजी,” थोरली म्हणाली, “आता आपण सगळ्यांनी जायचं कुठे?”

धाकट्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, की हा मुद्दा त्याच्या ध्यानात आला नव्हता. “ते त्यांना विचारा, वहिनी. सुरुवात त्यांनी केली.”

मग दोन्ही घरं सकाळी-सकाळी पाळणाघरात जायला लागली. थोरलीने मुलं यायच्या आधीची वेळ ठरवून दिली. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी, अशी चौघांची मिरवणूक रस्ता ओलांडायची. भाऊ अर्थात एकमेकांपासून चांगलं अंतर ठेवून. पाळणाघरातलं संडासाचं भांडं तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचं होतं आणि झाकणावर बदक होतं. थोरला आत गेला की बराच वेळ काही आवाज यायचा नाही. बाहेर आला की गुडघे चोळत, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता निघून जायचा. धाकटा तर एकदा अडकलाच. धाकटीने बाहेरून विचारलं, “येऊ का ओढायला?” तेव्हा कुठे तो धडपडत सुटला. एवढं होऊनही दोघांपैकी एकाच्याही तोंडून, गवंड्याला बोलवू या, असं निघालं नाही. स्वाभिमान म्हणतात तो हाच. तो बदकावर बसूनही टिकतो.

सुटीच्या दिवसांत आणि संध्याकाळी काम चाललं. सिमेंट कधी दगडासारखं घट्ट व्हायचं, कधी कढीसारखं पातळ. थोरला लेव्हलची पट्टी लावून तिच्यातल्या बुडबुड्याकडे एक डोळा मिटून बघत बसायचा. धाकटा पट्टी वापरायचा नाही. तो म्हणायचा, मला नजरेने कळतं. एकजण आत असला की दुसरा यायचा नाही, पण आल्यावर रेघेपलीकडे काय झालंय ते मात्र वाकून-वाकून बघायचा. “त्याचे सांधे बघ,” थोरला बायकोला दाखवायचा. “एक रुंद, एक अरुंद. वाचवत नाही.” पलीकडे धाकटा आपल्या बायकोला सांगायचा, “त्यांची एक फरशी बसेपर्यंत माझा एक माणूस लायसन्स काढून येतो.”

फरशा बसल्या. इकडे बदामी, तिकडे निळ्या. आणि मधल्या रेघेवर बोटभर उंच एक पायरी, कारण थोरल्याने खाली सिमेंट जास्त घातलं होतं. धाकट्याने अंगणातून कमोड आणून बसवला. तो आता डुलत नव्हता, फक्त किंचित रस्त्याकडे बघत होता.

थोरलीला धास्ती होती ती उताराची. तिने दोघं कामावर गेलेले बघून धाकटीला हाक मारली आणि एक बादली पाणी फरशीवर ओतलं. बदामी बाजूचं पाणी झपझप रेघेकडे पळालं. निळ्या बाजूचंही पळालं. दोन्हीकडचं पाणी जाळीवर भेटलं आणि गुळगुळ करत गेलं. कोपऱ्यात थेंब राहिला नाही.

“ताई, हे कसं जमलं यांना?” धाकटीने डोळे मोठे केले.

थोरलीने क्षणभर विचार केला, आणि मग ती भिंतीला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगं, जमवलं कुठे? आपलं पाणी त्याच्या दारात जावं म्हणून यांनी तिकडे ढाळ दिला, आणि भावजींनी इकडे!”

आता एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण शेवटच्या रविवारी थोरल्याने टॉवेलची दांडी लावायला ड्रिल मशीन आणलं. उसनं आणलेलं, शेजाऱ्याचं. धाकट्याने मध्ये लुडबूड करू नये म्हणून त्याच्या दाराला आतून कडी घातली, भिंतीवर पेन्सिलने ठिपका काढला, बोटाने तीन वेळा तपासला आणि ड्रिल थेट नळाच्या पाइपात घुसवलं.

थोरली धावत गेली तेव्हा तो नखशिखान्त भिजून भिंतीला चिकटलेला होता. ड्रिल बाजूला पडलेलं, आणि भोकावर अंगठा दाबून धरलेला. अंगठ्याच्या कडेने पिचकाऱ्या उडत होत्या. चष्म्यावरून ओघळ वाहत होते.

“कॉक कुठाय?”

“त्याच्या दाराबाहेर.”

“मग हाक मारा भावजींना.”

“नाही.”

“अहो, किती वेळ असे उभे राहणार?”

“बघू.”

पाळणाघरातल्या सगळ्या वर्षांची शांतता थोरलीने एकवटली. “बरं,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन वाटाणे सोलत बसली. भिंतीपलीकडे धाकटीही तेच करत असावी, कारण तिकडूनही आवाज नव्हता. अर्धी परात भरली. मग बाथरूममधून एक आवाज आला. सुरुवातीला खाकरल्यासारखा, मग चांगला ठणठणीत.

“भुंग्या! अरे भुंग्या, कॉक बंद कर!”

धाकटा लहानपणी दिवसभर गुणगुणत फिरायचा म्हणून हे नाव पडलं होतं. ते घेणारं माणूस आता घरात एकच उरलं होतं, आणि त्याने ते इतकी वर्षं तोंडातून काढलं नव्हतं.

भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मग पळत येणारी पावलं. मग कॉक पिळतानाचं कण्हणं. मग, “दादा, गंजलाय! फिरत नाहीये!” मग दार हलवल्याचा आवाज. “दादा, कडी काढ!”

“कशी काढू? अंगठा काढला तर घर बुडेल!”

त्यावर धाकटा आपल्या पुढच्या दाराने बाहेर पडला, घराला वळसा घालून अनवाणीच भावाच्या दारात आला, आणि उंबऱ्यावर पाऊल किंचित अडलं. थोरलीने वाटाण्यांवरून नजर न उचलता म्हटलं, “आतच आहेत, भावजी.” तो आत घुसला.

थोरली उठली. धाकटीही एव्हाना मागच्या जिन्याशी आली होती. गच्चीवर टाकीला मुख्य कॉक होता आणि तो उत्तम चालायचा. दोघी वर गेल्या. थोरलीने कॉकवर हात ठेवला, आणि तसाच ठेवून ती टाकीच्या कठड्यावर बसली.

“ताई, बंद करायचा ना?”

“करू की. खाली काय चाललंय ते तरी ऐक.”

बाथरूमची खिडकी गच्चीखालीच होती. आधी नुसती आरडाओरड ऐकू आली. “तू धर आता, माझा अंगठा बधिर झाला.” “असा नको दाबूस, आडवा दाब.” “मला शिकवू नकोस.” “दिवसभर लोकांना तेच शिकवतो मी!” मग मोटारसायकल निघाली. मग साबण निघाला. मग तो एक शब्द आणि ते चार शब्द, सगळे पुन्हा एकदा पाण्याखालून काढून धुतले गेले. धाकटीने काळजीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने मान हलवली. भांडू दे, निरोप तर आपल्याला पोचवायचा नाहीये.

मग दोघांचाही दम संपला.

“डोळे झोंबले होते रे फार,” थोरल्याचा आवाज आला. आता तो बारीक होता. “बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. एरवी मी तसं बोललो नसतो.”

“मला कुठे माहीत, तू आत आहेस ते,” धाकटा म्हणाला. “मोटारसायकल बाबांचीच होती. म्हणून धूत होतो.”

थोरलीने दोन्ही हातांनी कॉक पिळला. टाकी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली होती, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाइप दुरुस्त करायला प्लंबर आला. भोक बघून त्याने सरळ पिशवी उघडली, ते त्याच्या रोजच्या पाहण्यातलं असावं. पण जाताना पाणी सोडून बघितलं आणि थबकला. “उतार मात्र झकास दिलाय हो. कोणी दिला?”

दोघी जावांनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. भावांनीही टाळलं.

“आम्ही दोघांनी,” थोरल्याने चष्मा पुसत सांगितलं. “सल्लामसलत करून.”

“नजरेने,” धाकटा म्हणाला.

प्लंबर गेला. नव्या बाथरूममध्ये पहिली अंघोळ कोणाची, यावर दोघे भाऊ रेघेच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना आग्रह करू लागले. “तू आधी, भुंग्या.” “छे छे, दादा, तू मोठा.” हे संपायची लक्षणं दिसेनात, तेव्हा थोरलीने टॉवेल उचलला, दोघांना आपापल्या दारातून बाहेर काढलं, दोन्ही कड्या लावल्या आणि गीझरचं पाणी सोडलं. पायरीला अंगठा ठेचला, तरी तिने हूं की चूं केलं नाही.

अंगावर गरम पाणी घेताना तिला दोन्ही दारांवर टकटक ऐकू येत होती. बऱ्याच वर्षांनी दोघा भावांचं एका गोष्टीवर अगदी मनापासून एकमत झालं होतं, की बायका अंघोळीला फार वेळ लावतात. तिने नळ आणखी थोडा सोडला.