टिचकीला वाजणारी घागर

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, प्लास्टिकची घागर आहे. स्वतःला जुनी म्हणवून घ्यायचीही मला लाज वाटते, कारण उभ्या जन्मात मी पाणी भरलं ते अवघं वीस दिवस.

माझा जन्म लातूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांवर नव्या पाट्या होत्या, नळ मात्र कोरडे होते. आमच्या अंगात लांबलचक साखळ्यांसारखे रेणू असतात. तापल्यावर ते मोकाट वळवळतात. निवताना काही साखळ्या घड्या घालून शिस्तीत बसतात, त्यांचे स्फटिक होतात. उरलेल्या मधे सैल राहतात आणि धक्का बसला की हलून तो जिरवतात. साच्याभोवती गार पाणी खेळवलं तर घागर झटकन निवते, स्फटिक बारीकच राहतात. सावकाश निवली तर ते वाढत जातात, सैल साखळ्यांना आपल्यात ओढतात आणि राहिलेल्यांना हलायला जागाच ठेवत नाहीत.

साच्यावर काम करणाऱ्या शिवलिंगला हे अनुभवानं ठाऊक होतं. "मालक, पाण्याबिगर साचा निवंना. घागरी तडकतील," तो म्हणाला.

"लोकायला प्यायला न्हाई, अन् तुझ्या साच्याला पाणी? वाऱ्यावर निवू दे!" मालक बसलिंगप्पा गरजले. ऐकायला किती पुण्याचं वाटतं! टाकीतलं पाणी मग त्यांच्या कूलरला गेलं.

अशी वाऱ्यावर सावकाश निवलेली मी मुरुडच्या बाजारात विकायला आले. तिथं सरजाबाई आली. घरी तिची सून ओली बाळंतीण होती. जन्मभर मडकी पारखून घेतलेली बाई. तिनं आम्हालाही टिचकी मारून पाहिलं. शेजारची, आधीच्या वर्षी पाण्यावर निवलेली घागर बद्द वाजली. मी टण्ण वाजले. "हीच द्या. लई टणक हाय," ती म्हणाली. मूर्ख मी, कौतुकानं फुगून गेले.

गावात चार दिवसांआड टँकर येई आणि घरटी एकच घागर मिळे. विसाव्या दिवशी सरजाबाई सकाळपासून रांगेत होती. दुपारी काठोकाठ भरलेल्या मला घेऊन ती घरी आली आणि दारातल्या दगडावर जरा जोरात टेकवलं, इतकंच. दुसरी घागर दबली असती, सावरली असती. मी तळापासून गळ्यापर्यंत तडकले.

आतून सुनेनं विचारलं, "आत्या, पाणी आलं का?"

"आलं व्हतं," सरजाबाई म्हणाली. ती चिखलात पदर भिजवून वाटीत पिळत होती.

आता माझ्यात राख भरतात. "माझीच पारख चुकली," असं सरजाबाई अजून म्हणते, आणि ते ऐकून माझा जीव जळतो.

मित्रांनो, नुसत्या टणकपणाला भुलू नका. मोठेपणी काही घडवाल, तेव्हा त्याच्या वाट्याचं पाणी चोरू नका. त्या उन्हाळ्यात बसलिंगप्पांचा कूलर एक दिवसही बंद पडला नाही.