क्लचवरचा पाय

दिग्रसच्या भगवानरावांच्या मोटारीची क्लचप्लेट एका वर्षात दोनदा जळाली. क्लचवर पाय रेलून गाडी चालवली की ती जळते, म्हणून अख्खं गाव ड्रायव्हरला हसलं. हिरासिंग मूळचा त्यांचाच गाडीवान. एकसष्ट साली मालकांनी बैलजोडी विकून जुनी मोटार घेतली आणि कासरा धरणाऱ्या हातांत चाक दिलं. "बैलाच्या पुठ्ठ्यावर पाय ठेवाची खोड हाये त्याची," भगवानराव म्हणायचे, "जित्याची खोड मेल्याशिवाय जाते काय?" पण दुसरी प्लेट जळाल्यावर मात्र त्यांनी हसणं सोडलं. आता जळाली तर दुसरा माणूस पाहीन, असं तोंडावर सांगितलं.

हिरासिंग तांड्यातला पहिला ड्रायव्हर. दुसरं पोट भरायचं साधन त्याच्याजवळ नव्हतं. हे त्याला कळत होतं, पण भीती काही वाटत नव्हती. पोळ्याच्या सुमारास त्याची बायको जमनाबाई वारली, तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटत नसे. दुःखानं माणूस असाच होतो, असं तो धरून चालला होता.

देवीलाल मिस्त्री त्याच्याच तांड्यातला. तो गाडीखाली शिरला आणि आतूनच ओरडला, "सापडला चोर! गिअरबॉक्सखालचं रबर फाटलं हाये. म्हणून धक्के देते ही, आन् प्लेट जळते. तुले फुकट बदनाम केलं, हिराभाऊ!"

नवं रबर बसलं, नवी प्लेट बसली. दोघं पुसदच्या रस्त्यानं गाडी तपासायला निघाले. धक्के खरोखरच थांबले होते. दोन कोस गेले नाहीत तोच जळका वास आला.

"पाय काढ ना क्लचवरून."

"काढलाच हाये."

देवीलाल वाकला. डावा पाय क्लचवर चांगला रेलून बसला होता. हिरासिंगनंही खाली पाहिलं. पाय त्याचाच होता.

गाडी बाभळीखाली थांबली. देवीलालनं त्याची वहाण काढली. तळव्यात काटा मोडलेला, भोवती पू.

"कधी रुतला?"

"मले काय ठाऊक."

देवीलालनं काटा उपसला. तोंड वाकडं झालं ते देवीलालचं. त्याच्या मामाचे पाय असेच होते. शेवटी मामाला गावाबाहेर झोपडी बांधून दिली होती. त्यानं रोगाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

"सरकारी दवाखान्यात गोळ्या भेटतात आता. बरा होते मानूस," तो हळूच म्हणाला. "मालकाले मी सांगतो, प्लेटच खराब निघाली. तू चालवत राह्य."

चालवता आलं असतं. डाव्या पायानं फार तर प्लेट जळते. पण उद्या मालकांच्या दोन्ही नातींना घाटातून यवतमाळला न्यायचं होतं.

हिरासिंगनं उजवी वहाण काढली. "हा ब्रेकचा पाय. नवा काटा घे आन् टोच." त्यानं डोळे मिटले.

बराच वेळ गेला.

"टोच ना. काहून थांबला?"

हिरासिंगनं डोळे उघडले. बाभळीचा पांढरा काटा तळव्यात अर्धा शिरून उभा होता.

आता तरी रडू येईल म्हणून तो थांबला. आलं नाही. त्यानं चावी काढली आणि देवीलालच्या हातावर ठेवली.

"चाल, तू चालव," तो म्हणाला. "आन् मालकाले सांग, प्लेट चांगली हाये."