आवाज जॉइंटचाच आहे

गिअर बदलला की आमच्या गाडीच्या पोटातून टण् असा आवाज यायचा. मी म्हणायचो, जॉइंट गेलाय. दादा म्हणायचा, मागच्या ॲक्सलमधले गिअर झिजलेत. गाडी दोघा भावांत एक, आठवडाआड वापरायची. वादही तसाच सामाईक. तीन वर्षांत गाडीखाली शिरून बघण्याचा उद्योग दोघांपैकी एकानेही केला नाही. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला बघण्याची गरज नव्हती. दादाला नव्हती, कारण तो मोठा होता.

मग एकदा त्याच्याकडे जेवताना, चार पाहुण्यांदेखत, मी म्हणालो, “दादाला कमी ऐकू येतं हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्यालाच अजून ऐकू आलेलं नाही.” सगळे हसले. दादाही हसला, त्याने मला आग्रहाने वाढलं. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. चौदा महिने किल्ली वहिनींच्या हातून यायची-जायची आणि डॅशबोर्डवर चिठ्ठी असायची: हवा भरली. ऑइल बघ. मी खाली लिहायचो: बघितलं. सख्ख्या भावांचा इतका नियमित पत्रव्यवहार हल्ली कुठे राहिलाय?

मागच्या महिन्यात दादा गेला. ऑफिसच्या जिन्यात, तीन मिनिटांत.

काल रविवारी नवे जॉइंट घेऊन मी वहिनींच्या अंगणात गाडी जॅकवर चढवली, खाली भक्कम ठोकळे लावले. वहिनींना म्हटलं, आवाज काढून टाकतो. खोटं कशाला बोलू, दुरुस्ती हा बहाणा होता. मला बरोबर ठरायचं होतं. चौदा महिन्यांच्या अबोल्याला निदान एवढा तरी आधार हवा होता.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब शाफ्ट असतो. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा पोलादी क्रॉस, तोच जॉइंट. क्रॉसचं प्रत्येक टोक एका कपात फिरतं, कपात बारीक सुया. त्या झिजल्या की टण्. शहाणा माणूस आधी शाफ्ट हाताने हलवून जॉइंट ढिला आहे का ते बघतो. मी बघितलं नाही. मला माहीत होतं.

शाफ्ट उतरवण्याआधी तो कसा बसला होता याची खूण करायची असते, नाहीतर नंतर सगळी गाडी थरथरते. मी चिखल पुसला, तर खूण होतीच. लाल, चकचकीत, नेलपॉलिशची. कारखान्यात नेलपॉलिश वापरत असतील, असं तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला चांगलं पाच मिनिटं पटलं. बोल्टही निमूट सुटले. शाफ्ट व्हाइसच्या पकडीत आवळून धरला, कप अडवणाऱ्या कड्या काढल्या, हातोडी मारली. कप बाहेर आला. आत पिवळंधमक ग्रीस, सुया एकूण एक शाबूत. दुसरा कप तसाच. दुसरं टोकही तसंच.

वहिनी चहा घेऊन आल्या.

“हे जॉइंट कुणी बदलले?” मी विचारलं.

“ह्यांनी. तुमचं बोलणं थांबलं, त्याच्या पुढच्याच महिन्यात. दोन रविवार गाडीखालीच होते. माझी नेलपॉलिश संपवली. म्हटलं, आता कुणासाठी नटताय?”

म्हणजे दादाने माझं म्हणणं धरून जॉइंट आणले, स्वतः बसवले, गाडी सुरू केली. टण्. आपणच बरोबर होतो हे त्याला वर्षभर ठाऊक होतं. आणि वर्षभर तो मला हवेबद्दल लिहीत राहिला.

मी विचारलं, सांगितलं का नाही मला?

वहिनींनी चहा पायरीवर ठेवला. “जॉइंट आणले तेव्हाच म्हणाले होते, धाकट्याचं खरं निघालं की जाऊन सांगतो, तेवढंच बोलायला निमित्त. इस्त्रीचा शर्टसुद्धा काढून ठेवला होता. मग आवाज आला तसाच. म्हणाले, आता कसा जाऊ? आता गेलो तर त्याला वाटेल, जिंकलो म्हणून सांगायला आलाय.”

मी नुसता चुकलो नव्हतो. माझं खरं निघालं असतं तर दादा आला असता.

नवे जॉइंट पिशवीतच राहू दिले. त्याचेच परत बसवले. ग्रीसमध्ये एकेक सुई उभी लावायची. एक जरी आडवी पडली तरी कप आत जात नाही. डोळे भरले की सुया दिसत नाहीत, ही अडचण दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेली नाही. तासाभराचं काम दुपार खाऊन गेलं.

शाफ्ट चढवला, गाडी खाली घेतली, फाटकापर्यंत नेली आणि आणली. वहिनी पायरीवर उभ्या होत्या.

“गेला का आवाज?”

“नाही,” मी म्हणालो. “दादाचंच बरोबर होतं.”

“हे मला सांगून काय उपयोग, भाऊजी?” त्या म्हणाल्या आणि गार झालेला चहा उचलून आत गेल्या.