नळाचं पहिलं पाणी

"आई, किती वाया घालवताय!" म्हणत जावयाने धारेखाली हंडा सरकवला.

प्राध्यापिकाबाई बाटली धरून तशाच राहिल्या. नमुना घेण्याआधी नळ काही मिनिटं मोकळा सोडायचा, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. पाणी आणि रोगराई हाच त्यांचा विषय, समित्यांवर त्यांच्या शब्दाला मान. या वस्तीचं पाणी उत्तम आहे, हा निर्वाळाही त्यांचाच.

"तुम्ही पहिल्यापासूनच भरता?"

"मग काय! तासभर तर येतं. तुमची लेक नळ खोकला की कळशी घेऊन हजर."

लेक दवाखान्यात होती. आठवा महिना, आणि डोळे पिवळेधमक. अशा दिवसांत पाण्यातून आलेली कावीळ जिवावर बेतू शकते. जावयाला ते ठाऊक नव्हतं. बाईंना होतं.

त्यांनी हंड्यातलं पाणी काचेच्या नळीत घेऊन गोळी टाकली. क्लोरीन असेल तर गुलाबी रंग येतो. आला नाही. थोड्या वेळाने नळाखाली दुसरी नळी धरली. ती गुलाबी झाली.

नळ गेला की रिकाम्या पाइपात गटार झिरपत असणार. ते सगळं पहिल्या धारेला येत होतं, आणि त्या नेमकं तेवढंच दरवेळी मोरीत सोडून मग बाटली भरत होत्या. एवढी शिकलेली बाई, आणि दिव्याखाली अंधार!

"हंडा ओतून द्या."

"अहो, पण..."

"ओता म्हणते ना!"

तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. "लगेच बोलावलंय. चला."

बाई दाराकडे वळल्या. पण भिंतीपलीकडे शेजारच्यांचा नळही वाहत होता.

"तुम्ही व्हा पुढे. मी दारं वाजवत येते."

शेजारच्या आजींनी दार उघडलं. "लेक बरी आहे ना हो?"

"आजी, आज भरलेलं पाणी पिऊ नका. उकळल्याशिवाय थेंबही नको. माझंच चुकलं."

आजी हसल्या. "काहीतरीच! तुमचीच लेक म्हणाली, माझी आई खात्री देते, कशाला गॅस जाळता? तेव्हापासून उकळणंच सोडलंय आम्ही. बसा आधी. चेहरा बघा कसा झालाय. घोटभर पाणी घ्या."

जावई धडधडत जिना उतरून गेला. बाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला. पाणी अगदी नितळ होतं.