शेजाऱ्यांच्या नावचे इशारे

देवाने स्तामातला धाडलेला एकही इशारा आजवर वाया गेला नव्हता. प्रत्येक इशारा त्याने कुणा ना कुणा शेजाऱ्याकडे पोचता केला होता. त्याचा तरी काय दोष? चाळीस वर्षं गावात टपाल वाटलं. हातात पडलेली वस्तू आपली नसतेच, ती दुसऱ्याच्या दारात टाकायची असते, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. निवृत्त झाल्यावर तो चर्चमध्ये गायला आणि वाचायला उभा राहू लागला, तरी सवय काही सुटली नाही.

ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासांच्या आधीचे रविवार तर त्याच्या खास आवडीचे. वाचनात उधळ्या मुलाची कथा आली की तो मिन्यो खाटकाकडे बघायचा, कारण मिन्योचा मुलगा बुर्गास शहरात काय दिवे लावतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर शेवटच्या न्यायाचं वाचन. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. स्तामात मनातल्या मनात अर्ध्या गावाला डावीकडे नेऊन उभं करायचा, सरपंचाला सगळ्यात पुढे. आणि तो स्वतः? तो मधे. नावं पुकारायला कुणीतरी नको का?

या वर्षी शुक्रवारी तो घंटा वाजवत असताना आतला लोखंडी लोलक निसटला आणि त्याच्या कानाजवळून खाली आदळला. फरशी फुटली. तरुण पाद्री एव्तिमी धावत आले, चेहरा पांढराफटक.

"स्तामातआजोबा, देवाने हाक मारली तुम्हाला!"

"मला कशाला मारेल? सरपंचाला मारली. तीनदा सांगितलं होतं त्याला, कडी झिजलीय म्हणून."

घरी येऊन त्याने हेच बायकोला ऐकवलं. दोब्रिना अंडी फेटत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

"लोलक पडला तुझ्या डोक्याशी आणि निरोप सरपंचाला? देवाचा नेम इतका वाईट आहे होय रे?"



मग उजाडला क्षमेचा रविवार. या दिवशी संध्याकाळच्या आत धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं आणि म्हणायचं, "क्षमा कर." थोरल्याने म्हणायचं, "देव क्षमा करो." पोटात राग ठेवून उपास धरायचा नाही. साधी रीत, लहान पोरंही पाळतात. पण स्तामात आणि त्याचा भाऊ झेल्यो पडले जुळे. आधी कोण आला हे फक्त आईला माहीत होतं, आणि ती जो रडत असेल त्याला सांगायची, "अरे, थोरला तूच." ती गेली तेव्हा दोघेही सारख्याच हक्काने थोरले होते. अकरा वर्षं क्षमेच्या रविवारी दोघे आपापल्या घरात, हात धुऊन, धाकट्याची वाट बघत बसले. कुणीच आलं नाही.

गाव हसायचं आणि स्तामात गावाला हसू द्यायचा. थोरल्या-धाकट्याचं हे भांडण त्याच्या सोयीचं होतं, कारण त्याच्या आड खरं प्रकरण झाकलं जात होतं. अकरा वर्षांपूर्वी गुत्त्यात झेल्यो चारचौघांत म्हणाला होता, "आमचा स्तामात गायला लागला की पुरलेले लोक कूस बदलतात." लोक खो खो हसले. पुढच्या रविवारी प्रार्थनेसाठी नावं वाचताना स्तामातने झेल्योचं नाव जिवंतांच्या यादीत वगळलं आणि मृतांच्या यादीत मोठ्याने, सुरात वाचलं. झेल्यो तिसऱ्या रांगेत मेणबत्ती घेऊन उभा होता. बायकांनी भराभर क्रुसाच्या खुणा केल्या. स्तामातने सांगितलं, नवा चष्मा आहे, ओळ चुकली. त्या दिवसापासून झेल्यो शेजारच्या गावच्या चर्चमध्ये जाऊ लागला. आणि स्तामातने चष्म्याची गोष्ट इतक्यांदा सांगितली, की मधूनमधून त्याला स्वतःलाही ती पटायची.

त्या रविवारी एव्तिमींनी शुभवर्तमान वाचलं: तुम्ही माणसांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. स्तामातने नेहमीप्रमाणे गिऱ्हाईक शोधायला मान वळवली. मिन्यो खाटीक मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. सरपंच चक्क रडत होता. एकही दार उघडं दिसेना.

बाहेर दोब्रिनाने त्याची बाही धरली. "झेल्यो उद्या सकाळच्या बसने बुर्गासला चाललाय. छाती उघडणार आहेत त्याची. शेजारणीने सांगितलं."

"मग? धाकट्याने यायचं असतं."

"स्तामात," ती म्हणाली, "तो ऑपरेशनच्या टेबलावरच गेला, तर पुढच्या वेळी ते नाव तुला वाचावं लागेल. त्याच यादीत. तेव्हा काय सांगशील?"

चर्चच्या भिंतीला टेकून स्तामात उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक इशारा त्याच्या हातात तसाच राहिला. फिरवून फिरवून पाहिला, नाव त्याचंच होतं. 'शाबास रे पोस्टमन,' तो स्वतःशीच म्हणाला, 'गावाला पोचवलंस स्वर्गापर्यंत, स्वतः मात्र फाटकातच.'

झेल्योचं घर वरच्या आळीत. स्तामात चढ चढला. झेल्यो एकटाच बॅग भरत होता. टेबलावर चीज भरून भाजलेली, पापुद्र्यांची बानित्सा होती. उद्यापासून उपास, चीजही बंद. अकरा वर्षांत भाऊ वाळला होता. समोर आपलाच चेहरा बघताना स्तामातला वाटलं, आपणच आजारी आहोत.

"आलो," स्तामात म्हणाला. "धाकटा म्हणून आलोय. दे हात."

झेल्योने हात खिशात घातला. "धाकटा म्हणून आला असशील तर चालू लाग. धाकटा-थोरला कुणाला हवाय?"

स्तामात घुटमळला. दाराकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग बोलला, "चष्म्याचं काही नव्हतं रे. स्वच्छ दिसत होतं. मुद्दाम वाचलं मी. वाचताना बरंसुद्धा वाटलं. आवाज छान लागला होता त्या दिवशी."

"ते कळलंच होतं मला. सगळ्या चर्चला कळलं. एवढा सुरात तू आधी कधी गायला नव्हतास." झेल्योने हात बाहेर काढला. स्तामातने वाकून त्याचं चुंबन घेतलं. "देव क्षमा करो," झेल्यो म्हणाला. स्तामातच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढं सोपं होतं तर!

"आता माझं ऐक," झेल्यो म्हणाला. "तिकडच्या चर्चमध्ये मी तुझ्या नावाने मेणबत्ती लावतो. दर रविवारी."

"माझ्या नावाने?" स्तामातला भरून आलं.

"खालच्या पेटीत."

वरच्या तबकातल्या मेणबत्त्या जिवंतांच्या. खालच्या, वाळूच्या पेटीतल्या मेलेल्यांच्या. स्तामातला समजायला क्षणभर लागला.

"दर रविवारी? अकरा वर्षं?"

"बर्फ पडला तेव्हासुद्धा. क्षमा कर."

स्तामातचं डोकं तडकलं. त्याने एकदाच मारलं होतं, तेही रागाच्या भरात! आणि हा गृहस्थ दर आठवड्याला, थंड डोक्याने, चालत जाऊन! टोपी डोक्यावर चढवून तो वळला आणि दाराच्या कडीला हात घातला. कडी गार होती. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की सकाळचं वाचन क्षमा मागण्याबद्दल नव्हतंच. ते क्षमा करण्याबद्दल होतं. एव्तिमींनी दोनदा वाचलं होतं आणि हा गिऱ्हाइकं शोधत बसला होता. मागायची म्हणून तो चढ चढून आला, पण द्यायला बरोबर काहीच आणलं नव्हतं. आणि द्यायचं म्हटल्यावर ते मागण्यापेक्षा कितीतरी जड निघालं.

कडी सोडायला त्याला बराच वेळ लागला.

"देव क्षमा करो," स्तामात शेवटी म्हणाला. ते अपुरं वाटलं. "मीही करतो. अजून राग आहे, पण करतो."

"पुरे तेवढं. बस. बानित्सा खा."

दोघे खात बसले. झेल्योचा घास हातातच राहिला.

"स्तामात, मला फार भीती वाटतेय रे."

"मलाही," स्तामात म्हणाला. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

"तू? घाटात तुला बस लागते. लहानपणापासून ओकतोस तू."

"ओकीन," स्तामात म्हणाला.