जोडीनं पूल ओलांडू नये

ओल्मेदोसोबत एका छपराखाली तेरा वर्षं निघाली, पण त्यानं नार्सिसाला हौसेनं कुठं फिरायला नेलं असं एकदाही घडलं नव्हतं. नेलं असेल तर बाजाराला, लोकरीची रिळं उचलायला. म्हणून त्या बुधवारी जेवताना, ताटातून मान वर न करता, तो म्हणाला की शनिवारी सीमेजवळ तुल्कानला जाऊ, रविवारी पलीकडे कोलंबियात चक्कर मारू, तेव्हा तिला आधी वाटलं याला ताप आलाय. मग तो म्हणाला, "तिथं तुझ्याशी एक बोलायचंय." आणि तिचा चमचा सुपातच राहिला.

बोलायचंय म्हणजे लग्नाचं. दुसरं काय असणार? तेरा वर्षं ती त्या एका वाक्याच्या दारात बसून होती. आधी म्हणाला, घरावर स्लॅब पडू दे. स्लॅब पडला. मग त्याचा बाप वारला, वर्षभर सुतक. मग मालवाहू गाडी घेतली, तिचे हप्ते. पुरुषाला लग्न टाळायचं असलं की घराला कायम एक भिंत कमी पडते. नार्सिसाला हे कळत नव्हतं असं नाही. कळूनही ती त्याच्या शर्टाला बटणं लावत राहिली. अशा बाईला लोक सोशिक म्हणतात. सोशिक हा शब्द ज्यानं काढला, त्याला कधी काही सोसावं लागलं नसणार.

त्यांच्या अतुन्ताकी गावात घराघरात स्वेटर विणायची यंत्रं. ती ज्या कारखान्यात बाह्या जोडायची तिथं बातमी दुपारच्या आत पोचली. बायका तुटून पडल्या. म्हातारी होविता म्हणाली, "तेरा वर्षं नुसता कच्चा टाका घालून बसलीयेस, आता पक्की शिवण मारून घे बाई." सगळ्या हसल्या, नार्सिसाही हसली. घरी येऊन तिनं निळा झगा बाहेर काढला, तो भाचीच्या बारशाला घातलेला. कमरेत दोन बोटं सैल केला.

शनिवारी बसमध्ये तो झोपला. तुल्कानला उतरल्यावर थंडीनं कान झोंबायला लागले. त्याचं माहेरचं गाव ते. बाप्याला माहेर नसतं म्हणतात, पण ओल्मेदोला होतं. आईच्या दारात शिरला की तो दहा वर्षांचा व्हायचा, बूट कुठंही फेकायचा. म्हातारीनं नार्सिसाला कधी सून म्हटलं नव्हतं. चारचौघांत ती तिला "ओल्मेदोकडची बाई" म्हणायची, भांडी घासायला ठेवल्यासारखं. त्या दुपारी मात्र तिनं भाजलेल्या डुकराचा कुरकुरीत सालीचा तुकडा नार्सिसाच्या ताटात वाढला, वर बटाट्याची गरम टिक्की ठेवली आणि विचारलं, प्रवासात त्रास नाही ना झाला? नार्सिसाला भरून आलं. तिला वाटलं, म्हातारीला कळलंय, आता आपण घरच्या झालो. म्हातारीला कळलेलं होतंच.

त्या घरात कपाटावर एक जुना फोटो होता. तरणा ओल्मेदो, सीमेपलीकडच्या लास लाहासच्या देवळातल्या मेरीमातेपुढं, एकटा. त्या फोटोची गोष्ट त्यानंच नार्सिसाला सांगितलेली, सुरुवातीच्या दिवसांत, हसत हसत. तेव्हा त्याचं मिरियम नावाच्या मुलीशी जमलेलं. दोघं दर्शनाला गेले, पण देवळाकडं जाणारा पूल त्यांनी जोडीनं ओलांडला नाही. सगळा मुलूख जाणतो की लग्न न झालेली जोडी मातेपुढं एकत्र गेली की ती जोडी तुटते. अतुन्ताकीतही साखरपुडा झालेली पोरगी तिथं आईबरोबर जाते, नवऱ्यामुलाबरोबर नाही. तर आधी मिरियम गेली, हा अलीकडं तिची पर्स सांभाळत मक्याचं कणीस खात उभा राहिला. ती परत आल्यावर हा गेला. एवढी काळजी घेऊनही मिरियमनं एका पोलिसाशी लग्न केलं. तेव्हा गोष्ट ऐकून नार्सिसा पोट धरून हसली होती.

जेवणानंतर तो तिला स्मशान दाखवायला घेऊन गेला. तुल्कानला पाहुणा आला की स्मशान दाखवतात, तिथली सरूची झाडं कातरून हत्ती, तोंडं, कमानी केल्यात. नवीन लग्न झालेली एक जोडी कमानीखाली फोटो काढून घेत होती, नवरीच्या झग्याची शेपटी थडग्यांवरून घासत चाललेली. आता बोलेल, नार्सिसाला वाटलं. एका हिरव्या कमानीत ती मुद्दाम थांबली. ओल्मेदोनं झाडाला हात लावला आणि म्हणाला, याला कातरायला फार माणसं लागत असतील. बस्स. संध्याकाळी तो आईकडं जाऊन आला, एकटा. म्हातारीच्या घरी बिनलग्नाच्या जोडीला खोली मिळत नसे, म्हणून घेतलेल्या लॉजच्या खोलीत ती झगा खुंटीला टांगून त्याच्याकडं बघत बसली. पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी तान्हं रडत होतं, आणि तिला त्या रडण्याची सोबत वाटली. माणूस जवळ असून सोबत परक्याच्या पोराची. याहून वाईट काय सांगू?

सकाळी तिनं झगा घातला, वर शाल घेतली. टॅक्सीनं सीमेपर्यंत, मग रुमिचाकाचा पूल पायी. खाली नदी, अलीकडं आपला शिपाई, पलीकडं त्यांचा शिपाई, दोघंही जांभया देतायत. पलीकडं इपियालेसला जाणाऱ्या टॅक्सीवाल्यांची ओरड. नार्सिसाला वाटलं होतं बाजार फिरू, भाजलेला कुई, म्हणजे गिनीपिग, खाऊ, तिथं बसून बोलेल. ओल्मेदो टॅक्सीवाल्याला म्हणाला, "लास लाहास."

ती म्हणाली, "तिथं कशाला?"

"इथवर आलोय तर दर्शन घेऊ."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. विसरला असेल, तिनं मनाची समजूत घातली. देवधर्माचं पुरुषांना कुठं लक्षात राहतं. नाहीतर तिथं जाऊन, आधी ती, मग तो, असं रीतीनं दर्शन घेऊन मग विचारणार असेल. हेच खरं. रीत पाळायची म्हणजे लग्न करायचंच आहे. गाडी वळणं घेत होती आणि ती एकटीच मनात हा टाका घालत होती, उसवत होती, पुन्हा घालत होती.

देवळाकडं उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला दगडी भिंत, भिंतीवर नवस फेडलेल्यांच्या पाट्या, इतक्या की दगड दिसत नाही. पोरगं वाचलं, गाय वाचली, कोर्टातून सुटलो, आभार. काळा चष्मा घातलेला एक लामा, उंटासारख्या मानेचं लोकरीचं जनावर, फोटोसाठी उभा. खाली खोल दरीवर पूल, आणि पुलाच्या टोकाला कड्याला चिकटलेलं देऊळ. पुलाच्या अलीकडं मेणबत्त्या विकणारी एक जाडजूड बाई बसलेली. तिनं दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय बाई, लग्न झालंय ना? नसलं तर एकेकटे जा हो. नंतर मला येऊन बोल लावू नका."

नार्सिसा हसली. "तू थांब, मी आधी जाऊन येते," असं ती त्याला म्हणणार होती. पर्स त्याच्याकडं द्यायला खांद्यावरून काढलीही.

तेवढ्यात ओल्मेदोनं तिचा हात धरला.

रस्त्यात हात धरणं त्याच्या जातकुळीत नव्हतं. गाडीखाली आली असती तरी त्यानं दंड धरून खेचलं असतं, हात नसता धरला. आता त्यानं बोटांत बोटं गुंतवली, नव्या नवऱ्यासारखी. नार्सिसाच्या अंगातून एक ऊब वर चढली, गालापर्यंत, आणि ती हसली, सगळे दात दिसतील इतकी. पुलावरच्या फोटोवाल्यानं तेवढ्यात चाप दाबला. "जा जोडीनं," मागून मेणबत्तीवाली कुरकुरली, "जा, मला काय."

चार पावलं टाकली असतील. मग तिला ते कणीस आठवलं. मिरियमची पर्स सांभाळत उभा राहिलेला तो. त्याला सगळं ठाऊक होतं. पोरगी हवी होती तेव्हा हा माणूस पुलाच्या अलीकडं थंडीत उभा राहिला होता. आणि आज हात धरून चालला होता.

ऊब गेली. हात तिथंच राहिला. त्याचा तळवा घामानं ओला होता, हे तिला आता कळलं.

ती मागं फिरू शकली असती. फिरली नाही. तिनंच त्याचा हात घट्ट आवळला, बाह्या जोडून जोडून तिच्या बोटांत ताकद होती, आणि त्याला ओढत पूल पार करून थेट आत नेलं. आत मेणाचा वास, गुडघे टेकलेली माणसं, आणि समोर दगडावर उमटलेली माता, मांडीवर बाळ. त्यानं हात सोडवून बघितला. सुटेना.

"सुटला तर बरं होईल, नाही?" ती हळू आवाजात म्हणाली. "आता सांग तुला काय बोलायचं होतं."

"इथं नको, नार्सी. लोक बघतायत."

"लोकांचं नंतर बघू. तू मला हिच्यापुढं आणलंस ते हिनं तुझं काम करावं म्हणून. तेरा वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, आणि एक वाक्य बोलायला तुला देव लागतो? तोंडानं बोल."

त्यानं मेणबत्त्यांकडं बघितलं, छताकडं बघितलं. शेवटी बुटांकडं बघत म्हणाला की आई थकलीय, तो आता तुल्कानलाच राहायचं म्हणतोय. तिनं विचारलं, आणि मी? तो म्हणाला, "घर तू ठेव." जणू घरात काही ठेवण्यासारखं उरलं होतं.

"दुसरी कोणी आहे?"

"नाही गं. शपथ."

आणि ते खरं होतं, हे तिला त्याच्या तोंडावरून दिसलं. तेच जास्त लागलं. दुसरीसाठी सोडलं असतं तर निदान कुणाशी तरी तुलना झाली असती. हा तिला कुणासाठीच सोडत नव्हता. नुसता सोडत होता, जुनी बनियन सोडतात तसा.

तिनं हात सोडला. मातेकडं काही मागितलं नाही. त्या बाईच्या मांडीवर पोर होतं, तिचं चांगलं चाललं होतं. ओल्मेदो तिथंच बाकावर बसला, सुटल्यासारखा, आणि नार्सिसा पूल ओलांडून परत आली, या खेपेला रीतीप्रमाणं, एकटी.

फोटोवाला पायऱ्यांवर तिच्या मागं धावत आला. फोटो कागदी पाकिटात घालून तयार होता, आणि साहेब कुठं आहेत असं तो विचारत होता. तिनं फोटो घेतला. त्यात ओल्मेदो बाजूला बघत होता. ती मात्र हसत होती, निळा झगा, गळ्याशी शाल, बेचाळीसची बाई आणि चेहरा साखरपुड्याच्या पोरीचा. तसं हसताना तिनं स्वतःला आरशात कधी बघितलं नव्हतं.

सीमेकडं जाणारी टॅक्सी भरायची होती. ती मागच्या सीटवर खिडकीशी बसून राहिली. शेजारची जागा रिकामी होती, आणि ड्रायव्हर ओरडून ओरडून गिऱ्हाईक बोलावत होता. वरून ओल्मेदो येतोय का हे तिनं बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. बघितलं. दोनदा.

शेवटी चीजची टोपली घेतलेली एक म्हातारी धापा टाकत आली आणि तिच्या शेजारी बसली. गाडी निघाली. म्हातारीनं नार्सिसाच्या मांडीवरच्या फोटोत डोकावून बघितलं.

"गोड आलाय हो फोटो. मालक का?"

"नाही."

म्हातारीनं पुन्हा बघितलं. पूल, मागं देऊळ, गुंतलेली बोटं. तिचा हात आपोआप कपाळाकडं गेला, छातीवर क्रूस काढून खाली आला.

"अगं बाई," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," नार्सिसा म्हणाली. "दोघांनाही."

म्हातारीनं टोपलीवरचं फडकं सारून चीजचा एक तुकडा मोडला आणि नार्सिसाच्या हातावर ठेवला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. नार्सिसानं तो खाल्ला. खारट होता.